खाण बंद करा, पण पाण्याचं काय करणार ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, कोळसा संपल्यावर चंद्रपूर-वणी पट्ट्याचं काय होणार, यावर पानभर मजकूर आला. आमच्या चौकातल्या टपरीवर तो अंक दुपारपर्यंत हातोहात फिरला आणि शेवटी भजी बांधायला गेला, म्हणून मी दुसरा विकत आणून नीट वाचला. त्यात सौरऊर्जा आहे, पर्यटन आहे, कौशल्य विकास आहे, जर्मनीतल्या एका जुन्या खाणीचा रंगीत फोटो आहे. पाणी मात्र कुठेच नाही. माझी सगळी नोकरी खाणीतलं पाणी उपसण्यात गेली, तेव्हा त्याबद्दल लिहिणं भाग आहे. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण वरोऱ्याचा आणि नकाशाचा भाग तेवढा कापू नका.

मी पंप खलाशी होतो. जिल्ह्यातलीच एक भूमिगत खाण. नाव लिहीत नाही, कारण पोरगा आजही ठेकेदाराकडे खाणीच्याच कामावर आहे. वडील मूल तालुक्यातले. धानाची शेती भावांवर सोडून कॉलरीत आले तेव्हा खाणी खाजगी मालकांच्या होत्या आणि वडील लोडर होते. टब (कोळशाची छोटी गाडी) भरला तर पैसे, नाही भरला तर नाही. 1 मे 1973 ला राष्ट्रीयीकरण झालं. मग हळूहळू क्वार्टर आलं, दवाखाना आला, फंड कापला जाऊ लागला. मी लागलो तो या सगळ्यानंतर, म्हणून माझे हाल वडिलांसारखे झाले नाहीत.

पंप खलाशाच्या कामाला खाणीत कुणी काम समजत नाही. ‘तुझं बरं आहे बे, बसून पगार’ हे वाक्य मी रोज ऐकलं. बसायचं खरं, पण कान लावून बसायचं. ग्लॅण्डमधून थेंब किती पडतात, फूटव्हॉल्व्हला कचरा लागला का, डिलिव्हरी पाइपात कुठे हवा बोलते का. कोळसा निघो न निघो, दिवाळी असो की युनियनची हरताळ, पंप थांबत नाही. सगळे वर गेले तरी एक पंप खलाशी खाली असतो, कारण एका रात्रीत खालची फेस, म्हणजे कोळसा काढायची जागा, बुडू शकते.

हे पाणी येतं कुठून, ते आधी सांगतो. आमच्या भागात कोळशाच्या थरांवर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. तो पाणी धरणारा दगड. खाणीत आधी कोळशाचेच खांब सोडून गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, पाडतात आणि शेवटी तेच खांब काढत मागे येतात. त्याला डिपिलरिंग म्हणतात. खांब निघाला की छत बसतं, वरच्या दगडाला भेगा जातात आणि त्यातलं पाणी खाली गोफमध्ये, म्हणजे छत बसलेल्या पोकळीत, उतरतं. जवळपासच्या गावांच्या विहिरी अशानेच आटल्या. विहिरीतलं जे पाणी गेलं, तेच आम्ही खालून वर फेकत होतो. ते सेटलिंग टाकीतून नाल्यात जायचं आणि आमचा नाला ऐन वैशाखात वाहायचा. नाल्यावर गावातल्या लोकांनी डिझेल इंजिनं बसवली. वांगी, टमाटर, सांबार (कोथिंबीर), कुणी उन्हाळी धानही घ्यायचं. पाणी जड होतं, त्यात डाळ शिजायची नाही, पण वांग्याला त्याचं काही नव्हतं. कॉलनीच्या नळालाही तेच पाणी गाळून यायचं.

मग खाण बंद झाली. काढण्याजोगा कोळसा संपला होता, काढावा तर खर्च निघत नव्हता. कायम कामगारांच्या बदल्या झाल्या, काही वणीकडे गेले, काही उमरेडकडे. पंप, स्टार्टर, केबल, पाइप सगळं वर काढून दुसऱ्या खाणीवर पाठवलं. इन्क्लाईनच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या तिरक्या वाटेच्या, तोंडावर भिंत बांधली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं, कुणी काही चुकवलं असं मी म्हणत नाही. होळीच्या आधीच नाला थांबला. नाल्यावर वाडी करणाऱ्या एका बाईनं मला बाजारात गाठलं आणि विचारलं, “भाऊ, पंप केव्हा सुरू करून राहिले?” जणू मीच बटण बंद करून घरी येऊन बसलो होतो. तिला काय सांगणार? खाण बंद झाली हे तिला माहीत होतं. नाला खाणीच्या पंपावर चालत होता, हे मात्र गावात कुणी कधी मोजलंच नव्हतं. सरकारी कागदावर तो नाला म्हणजे नाला, ती विहीर म्हणजे विहीर.

खाण बंद झाल्यावर कोण बुडतं, याचा हिशेब आपल्या लेखात कामगारांपुरता आहे. कायम कामगाराचं तसं निभावतं. त्याला बदली मिळते, निवृत्त झाला तर पेन्शन मिळते. (1998 च्या योजनेतली ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, तो वेगळा विषय; त्यावर लिहायला बसलो तर आपली पुरवणी पुरायची नाही.) बुडतात ते ज्यांचं नाव कुठल्याच हाजरीपटावर नव्हतं. गाडीवर ताडपत्री बांधणारी पोरं, टायरवाला, खानावळवाली, शिकवणी घेणाऱ्या बाई, नाल्यावरची वाडी. आणि मागे राहिलेले म्हातारे, ज्यांच्या नळाला आता टँकर आला तरच पाणी.

कोळसा संपत चालला, असं मात्र लिहू नका. 2024-25 मध्ये देशाचं कोळसा उत्पादन 100 कोटी टनांच्या वर गेलं. कमी झाली ती माणसं. कोल इंडियात एके काळी सहा लाखांच्या वर कामगार होते, आता सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. डंपर मोठे झाले, शावेल मोठे झाले, खुल्या खाणी वाढल्या आणि आमच्यासारख्या जुन्या भूमिगत खाणी एकेक करून मिटत गेल्या. ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताचं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायला 2070 चं साल सांगितलं गेलं, त्यावर शहरात चर्चासत्रं होतात. आमच्याकडच्या जुन्या कॉलऱ्यांच्या वस्त्यांत कोळशानंतरचे दिवस केव्हाच सुरू झालेत, त्यासाठी 2070 पर्यंत थांबायची गरज नाही.

आता तो जर्मनीचा फोटो. एसेन शहरातली झोलफेराइन खाण 1986 मध्ये बंद झाली आणि 2001 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, हे आपण छापलं ते बरोबर. माझा पुतण्या कंपनीच्या कामानिमित्त त्या भागात राहून आला, त्यानं पुढचं सांगितलं आणि मग नातीनं मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. त्या रूर खोऱ्यात कोळशाची घसरण 1958 च्या सुमारास सुरू झाली. शेवटची खाण बॉट्रॉप गावात डिसेंबर 2018 मध्ये मिटली. मध्ये साठ वर्षं गेली. आणि खाणी मिटल्या तरी पंप मिटलेले नाहीत. तिथली जमीन खाणकामानं इतकी खचली आहे की उपसा थांबवला तर वस्त्यांमध्ये पाणी शिरेल. पिण्याच्या पाण्यात खाणीचं पाणी मिसळू नये म्हणूनही उपसा करावाच लागतो. हा कायमचा खर्च भागवायला त्यांनी 2007 मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान काढलं आणि त्याच्याकडे मोठी गुंतवणूक सोपवली. तिथल्या पंप खलाशाची नोकरी नातवापर्यंत पक्की, असं म्हणायला हरकत नाही! आपल्याकडे त्यांचं संग्रहालय तेवढं दिसतं. तिथे आधी पाण्याचं नक्की केलं होतं.

इतक्या लांब जायचीही गरज नव्हती. आपल्या वरोऱ्याला हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. वरोऱ्याची सरकारी खाण इंग्रजांनी 1871 मध्ये सुरू केली. त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. 1906 मध्ये खाण बंद पडली. गाव उठून गेलं का? नाही गेलं. कापसाचा बाजार होता, जिनिंग-प्रेसिंग होतं, आणि मुख्य म्हणजे रूळ होते. कोळसा संपला म्हणून कुणी रूळ उखडून दुसरीकडे नेले नाहीत. तो मार्ग पुढे बल्लारपूरकडे गेला आणि आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या त्याच वाटेनं धावतात. कोळशासाठी आलेल्या रुळांवरून कापूस जात राहिला. आमच्या खाणीचे पाइप मात्र खाणीबरोबरच गेले. माझं म्हणणं एवढंच आहे, की खाणीसाठी उभं केलेलं जे गावाच्या कामाचं आहे ते गावात ठेवा, खाण चालू असतानाच ते कुणाच्या नावावर करायचं ते लिहून ठेवा.

त्याच वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांना सरकारनं दगडगोट्यांची पडीक जमीन दिली. महारोगी सेवा समिती 1949 ची. आज लोक आनंदवनात जातात, तिथले हातमाग बघतात, शाळा बघतात, सतरंजी विकत घेतात. तिथे गेल्या गेल्या बाबांनी कुष्ठरुग्णांना बरोबर घेऊन आधी विहीर खणली होती. बाकीचं सगळं तिच्या नंतर.

आणि उलटं उदाहरण भद्रावतीजवळच्या बरांज कोळसा खाणीचं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2014 मध्ये देशातले 204 कोळसापट्टे रद्द केले, त्यात बरांजचाही होता. 31 मार्च 2015 नंतर काम थांबलं. निकाल योग्य की अयोग्य ते मला कळत नाही. पण जमीन आधीच गेलेली, खड्डा पडलेला, नोकरी अचानक बंद. पुढे बरीच वर्षं तिथली माणसं निवेदनं देत आणि मोर्चे काढत राहिली. खाण एका कागदानं बंद होऊ शकते, हे आमच्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. तरीही, उद्या बंद झाली तर परवा काय, हे कुठल्याच गावात लिहिलेलं नाही.

मग करायचं काय? मी इंजिनिअर नाही, पण पाणी मला कळतं.

खाण चालू असते तेव्हा पाणी पार तळातून वर फेकावं लागतं. 550 व्होल्टचे, 3.3 केव्हीचे मोठे पंप त्यासाठीच असतात आणि विजेचं बिल गावाला कधीच झेपणार नाही इतकं येतं. पण खाण बंद झाली आणि उपसा थांबला की ती आपोआप भरत जाते. काही वर्षांत पाणी बरंच वर येतं. मग तेच पाणी काढायला राक्षसी पंप लागत नाही. सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो, तोही पुष्कळ ठिकाणी पुरेल. अख्खी खाण म्हणजे जमिनीखाली आडवी पसरलेली एक विहीर होऊन बसते, आणि ती खणायचा खर्च आधीच झालेला असतो.

फक्त एक काम तोंड बुजवण्याआधी करावं लागतं. जुन्या गॅलरीत, उताराच्या बाजूला, जिथे पाणी सगळ्यांत आधी गोळा होतं तिथे, वरून केसिंग घालून एक बोअर सोडायचं. खाण चालू असताना हे फार अवघड नाही. नकाशा ऑफिसात टेबलावर असतो, सर्व्हेअर नोकरीत असतो, कुठल्या गॅलरीत पाणी जमतं ते पंप खलाशाला झोपेतही सांगता येतं. तेच पाच-सात वर्षांनी करायला जा. सर्व्हेअर गावी निघून गेलेला, ऑफिसात दुसऱ्याच खात्याची माणसं, नकाशाची प्रत धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या कपाटात. मग सरपंच देव्हाऱ्यावर नारळ फोडून बोअर मारतो, ड्रिल नेमकं कोळशाच्या खांबात जातं आणि दोन हातांवरची पाण्यानं भरलेली गॅलरी हुकते. ‘खाणीत पाणीच नाही’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो.

हे सगळीकडे जमेल असं मी म्हणत नाही. जिथे शेजारची खाण चालू आहे, तिथे बंद खाण भरू देणं म्हणजे शेजारच्यांच्या डोक्यावर पाण्याची टाकी ठेवणं. धनबादजवळच्या चासनाला खाणीत 27 डिसेंबर 1975 ला जुन्या कामातलं (आधी कोळसा काढून सोडलेल्या गॅलऱ्यांतलं) पाणी फुटून आत शिरलं आणि सुमारे पावणेचारशे माणसं गेली. आमच्या पिढीच्या प्रत्येक पंप खलाशाला नोकरीच्या सुरुवातीलाच ती गोष्ट ऐकवत असत. अशा ठिकाणी पंप चालूच ठेवावा लागतो. मग चालू ठेवायचाच आहे तर ते पाणी नाल्यात सोडून मोकळं होण्याऐवजी गावाच्या टाकीत आणि शेताच्या पाटात द्या, लेखी करार करून द्या.

दुसरी अडचण जमिनीची. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. घरची माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूची कितीतरी कुटुंबं हलवावी लागली. खाली जुनी कामं आहेत हे म्हाताऱ्यांना ऐकून माहीत असतं, नेमकी कुठे आहेत ते घर बांधणाऱ्याला कुणी सांगत नाही. घराखाली उथळ जुन्या गॅलऱ्या असतील तर तिथे पाण्याचा चढउतार नको, तिथे आधी रेती भरायला हवी. म्हणजे पाणी कुठे साठवायचं, कुठे नाही, घर कुठे बांधायचं, कुठे नाही, हे सगळं त्या एका नकाशावर ठरतं. म्हणून खाणपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जुन्या कामांचा नकाशा भिंतीवर लावलेला असावा. सात-बारा मोबाईलवर दिसतो, मग जमिनीखालचं का दिसू नये? याला लागणारा खर्च छापखान्याचा.

पाणी पिण्याजोगं होतं का, असं लोक विचारतात. जसं येतं तसं नाही. जडपणा असतो, लोह असतं, कुठे सल्फेट जास्त असतं, तपासल्याशिवाय तोंडाला लावू नये. पण सावनेर तालुक्यात पाटणसावंगीला वेकोलिनं (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोल इंडियाची इथली कंपनी) खाणीचंच पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावानं बाटलीत भरलं. बाटलीत भरता येतं तर नळातही येईल. सावनेरचं खाण पर्यटनही मी बघून आलो. पाहुण्यांना हेल्मेट घालून फिरवतात, पोरं खूश होतात, बाग नीटनेटकी ठेवली आहे. चांगलं आहे. पण एका खाणीला ते शोभतं. दहा बंद खाणींवर दहा बागा केल्या तर त्या बघायला माणसं कुठून आणायची? आणि बागेतल्या माळ्याच्या दोन जागांवर गाव चालत नाही.

पाणी मिळालं तर ते वाटायचं कसं, याची शिकवणी आमच्या भागाला बाहेरून नको. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले गावतलाव, आहेत. वडिलांच्या गावातही एक होता. पाळी लावून पाणी सोडायचं, पाट साफ करायचे, त्याबद्दल पाणकऱ्याला हंगामावर धान द्यायचं, ही रीत मी लहानपणी पाहिली आहे. खाणीच्या बोअरलाही तसाच एक माणूस नेमता येईल. मायनिंग सरदाराचं (खाणीत पाळीवर देखरेख करणाऱ्याचं) प्रमाणपत्र खाणीबाहेर कामी येत नाही, पंप खलाशाकडे तर तेवढाही कागद नसतो. पण पंप चालवणं, दुरुस्त करणं त्याला येतं. जलजीवन मिशनच्या टाक्या गावोगाव उभ्या आहेत. मी बघितल्या त्यातल्या काही केवळ मोटर जळाली आणि बघणारा कुणी नाही म्हणून कोरड्या आहेत. ठेकेदारीतले पंपवाले, फिटर, वायरमन यांना आयटीआयमधून परीक्षा घेऊन कागद द्या आणि या योजनांवर लावा. आज आमची पोरं काय करतात? डंपर चालवता येत असेल तर गडचिरोलीतल्या सुरजागडला लोखंडाच्या खाणीवर जातात. म्हणजे कोळशातून उठून लोखंडात, आणि घर इथे, माणूस तिथे.

पैसा नाही, असंही कुणी सांगू नये. खाणकाम कायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती झाल्यापासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्क्यांइतकी रक्कम त्यात वेगळी भरावी लागते. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या प्राधान्याच्या कामांत पिण्याचं पाणी आहेच. अडचण अशी की हा पैसा खाण चालू असेपर्यंतच येतो. गावाला त्याची खरी गरज खाण बंद झाल्यावर लागते आणि तोवर तो सभामंडपात, गट्टूच्या रस्त्यात आणि प्रवेशद्वाराच्या कमानीत गेलेला असतो. आमच्या गावच्या कमानीवर दिवेही लागतात. खाली हंडे घेऊन रांग.

खाण बंद करण्यासाठी वेगळं एस्क्रो खातंही, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेलं खातं, असतं. 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी खुल्या खाणीला हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी 1 लाख रुपये धरले होते. पुढे आकडे वाढले, पण भूमिगत खाणीचा वाटा लहानच राहिला. कारण उघड आहे. खुल्या खाणीचा खड्डा आणि ओबीचे (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे) डोंगर दिसतात, आमची खाण वरून शेतासारखी दिसते. तिथे भिंत घातली, तारेचं कुंपण केलं, झाडं लावली की काम झालं असं वाटतं. त्याच आराखड्यात एक बोअर, एक पाइप आणि वीजजोडणी ग्रामपंचायतीच्या नावावर करणं, एवढ्या तीन ओळी का घालता येऊ नयेत?

जमिनीबद्दलही थोडं. कोळशासाठी जमीन जाते ती 1957 च्या कोल बेअरिंग ॲक्टखाली. गेली की ती कायमची कंपनीची. दोन एकराला एक नोकरी, असा हिशेब आहे. बापाला नोकरी लागली, तो निवृत्त झाला, आता मुलाला ना जमीन ना नोकरी, अशी घरं माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत. एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं धोरण केलं, की कोळसा काढून झालेली जमीन ठरावीक कामांसाठी भाड्यानं देता येईल, मालकी मात्र कंपनीचीच राहील. सौर प्रकल्पाला जमीन मिळेल. ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थेला खाणीचा तलाव मिळेल का? झारखंडात रामगड जिल्ह्यात कुजूकडे बंद खाणीच्या पाण्यात पिंजरे लावून लोक मासे काढतात. आमच्याकडेही खुल्या खाणींचे खड्डे पाण्यानं भरलेले आहेत आणि काठाला ढिवरांची वस्ती आहे. पण खाणपट्टा कागदावर जिवंत असेपर्यंत त्या पाण्यात पाय घालणं गुन्हा. काठ ढासळतात, खोली एकदम वाढते, हे मला मान्य आहे. एक बाजू उतरती करून द्यायला डोझरला किती दिवस लागतात, ते डोझरवाल्यालाच विचारा. नाहीतर तिथे विलायती बाभूळ माजते, बाभळीत रानडुकरं येतात आणि त्यांच्यामागे बिबट्या आणि वाघ. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको.

आपले वार्ताहर जिल्हाधिकारी कार्यालयात नेहमी जातात. जिल्हा खनिज प्रतिष्ठानची पुढची बैठक असेल त्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. पुढच्या पाच वर्षांत बंद होणाऱ्या भूमिगत खाणींची यादी प्रतिष्ठानकडे आहे का? त्यातल्या किती खाणींच्या बंद-आराखड्यात पाण्यासाठी बोअर धरलेलं आहे? आणि जुन्या कामांचे नकाशे ग्रामपंचायतींना कोण देणार, खाण कंपनी की महासंचालनालय? उत्तर मिळालं तर छापा. ‘माहिती घेऊन सांगतो’ असं म्हणाले तर तारखेसह तेही छापा.

आपला नम्र,
एक निवृत्त पंप खलाशी
जि. चंद्रपूर

ता. क. : नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडला आहे, तो कार्यालयापुरताच ठेवावा. माझ्या ओळखीचे दोन निवृत्त सर्व्हेअर आहेत, त्यांना या भागातले जुने नकाशे वाचता येतात. बैठकीला कुणी बोलावलं तर दोघंही पदरचं भाडं घालून यायला तयार आहेत. मात्र एकाचा गुडघा दुखतो, बैठक वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे का ते आधी कळवावं.